मोडलं कुणी, काढलं कुणी

आमच्या आत्याला बाजारात मोडताई म्हणतात. समोरच्या टायरवाल्यानं ठेवलेलं नाव. त्याच्या जिभेला हाड नाही आणि ऐकणाऱ्यांना उद्योग नाही, म्हणून ते चिकटलं. मी आमच्या वर्कशॉपच्या पुढच्या काउंटरवर सुटे भाग विकते, त्यामुळे दिवसातून चारदा तरी ते कानावर पडतं. "मोडताई आहे का आत? मग राहू दे, नंतर येतो. तिच्या हातात इंजिन नको." असं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण या बाईनं पस्तीस वर्षांत एक बोल्टसुद्धा मोडलेला नाही. दुसऱ्यांनी मोडलेले काढलेत. तेवढंच तिचं चुकलं.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे, माझ्या आजोबांनी घातलेला. ज्यानं मोडलं त्यानंच काढायचं. बोल्ट तुटून आत राहिला, नट गंजून बसला, काहीही असो, ज्याच्या हातून झालं त्यानंच तो तुकडा बाहेर काढायचा. दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. नियम तसा वाईट नाही. दोन दिवस मान मोडून एक तुकडा काढत बसलं की माणूस पुढच्या वेळी जपून आवळतो. पण गिऱ्हाइकाला काय दिसतं? आत्या इंजिनावर वाकून मोडलेलं काढताना दिसते. आणि आमचा नियम सगळ्या बाजाराला पाठ. म्हणजे जी काढतेय तिनंच मोडलं असणार! झाला निकाल.

मग मोडतं कोण? माझे बाबा. हो, स्वतःच्या बापाबद्दल बोलतेय आणि मला काडीची लाज वाटत नाही. बाबांना एकच रोग आहे, 'अजून पाव फेरा'. कुठलाही जोड घट्ट बसला, छान बसला, तेल गळायचं थांबलं, की हे पान्याला लटकणार आणि म्हणणार, "अजून पाव फेरा घेऊ, म्हणजे काळजी नको." त्या पाव फेऱ्यात काय काय गेलंय ते मी मोजायचं सोडून दिलं. आणि मोडलं की बाबा हात पुसत बाजूला होतात नि हाक मारतात, "ताई, जरा बघतेस का?"

हे कधी सुरू झालं ते आत्यानंच मला सांगितलं. बाबा सहा वर्षांचे, ती नऊ वर्षांची. बाबांनी खेळता खेळता एका पंपाची नळी मोडली. आजोबांचा हात म्हणजे हातोडाच. पण ते मुलीच्या अंगावर कधी हात टाकत नसत. म्हणून आत्या पुढे झाली आणि म्हणाली, "मी मोडली." आजोबांनी तिला मारलं नाही, नियमाप्रमाणे काढायला बसवलं. दिवसभर बसून तिनं आत अडकलेला तुकडा काढला. तिथं तिला इंजिनाचं वेड लागलं आणि बाबांना सवय लागली. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, बाबांचे केस पिकले, पण हिचं 'मी मोडली' काही संपलं नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची घरात कुणाची छाती नाही. दुकान बाबांच्या नावावर, पाटीवर बाबा, गल्ल्यावर बाबा. आत्या मागच्या शेडमध्ये, तेलकट चपलांत.

बावन्नाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. आमच्या इथल्या तांत्रिक शाळेत इंजिन शिकवायला माणूस हवा होता. आत्यानं अर्ज केला. चार वेळा लिहिला, तीन वेळा फाडला. शाळेचे मुख्य मास्तर म्हणाले, "कागद राहू द्या बाई, मी हात बघून माणूस घेतो." शाळेचा एक जुनाट ट्रॅक्टर होता, मुलं ज्याच्यावर शिकतात तो. त्याचं इंजिन तेल पीत होतं. मास्तरांनी तो आमच्याकडे लावला आणि सांगितलं, "शनिवारी न्यायला येतो. तेव्हा तुमचं काम बघतो, आणि सोमवारपासून कोण शिकवणार ते ठरवतो." आत्यानं आठ दिवस त्या इंजिनाला लहान लेकरासारखं धुतलं-पुसलं. हे सगळं बाबांना माहीत होतं. मुद्दाम सांगून ठेवते, माहीत होतं.

शनिवारी सकाळी इंजिन जुळून तयार. फक्त तेलाच्या दाबाचं मीटर जोडायचं राहिलं होतं. त्या मीटरची बारीक नळी इंजिनाच्या ब्लॉकला जिथं मिळते तिथं अंगठ्याएवढा एक पोकळ पितळी तुकडा आट्यांवर बसवलेला असतो. आम्ही त्याला निपल म्हणतो. त्याचे आटे निमुळते असतात, आवळाल तसा तो पाचरीसारखा रुतत जातो. ब्लॉक बिडाचा, निपल पितळेचं, म्हणजे कुणाची हार होणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. आत्यानं ते हातानं बसवलं, पान्यानं दीड फेरा दिला, इंजिन चालू करून पाहिलं, बंद केलं आणि हात धुवायला मागे गेली.

मी काउंटरवरून बघत होते. बाबा आले. त्यांनी निपलवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. बोटावर तेल होतं. इंजिनाला हात लावल्यावर बोटावर तेल नाही तर काय दही लागणार? पण नाही. मोठा पाना उचलला. मी ओरडले, "बाबा, आत्यानं बसवलंय ते!" ते म्हणाले, "अगं, फक्त पाव फेरा." आणि कट्कन आवाज आला.

डोकं पान्यात आलं, आटे ब्लॉकमध्ये राहिले, अगदी काठोकाठ तुटून. धरायला पकडसुद्धा नाही. आत्या ओले हात घेऊन दारात उभी होती. तिनं बाबांकडे पाहिलं, मग पान्याकडे. बाबा म्हणाले, "कच्चं पितळ असणार. हल्ली माल कुठं चांगला येतो?" मीच तो माल विकते! म्हणजे आता दोष माझा. चोर तो चोर, वर शिरजोर. मी तोंड उघडलं तेवढ्यात रस्त्यावर सायकल थांबली आणि मास्तर आत आले.

मास्तर वाकले, भोक पाहिलं, सरळ झाले. त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "कुणी मोडलं?"

दुकानात आम्ही तिघं. समोरून टायरवालाही येऊन खांबाला टेकला होता, तमाशा फुकट मिळत असला की हा पहिला हजर. बाबा हात पुसत राहिले. आधीच पुसलेले हात परत पुसत होते. आत्यानं माझ्याकडे बघून डोळे वटारले. गप्प बस, म्हणजे. मी काउंटरखाली वाकून वॉशर आवरायला लागले.

शेवटी बाबा बोलले. काय बोलले? "ताई काढेल ना. तिच्या हाताला सवय आहे."

टायरवाला फिसकन हसला. मला वाटलं, हातातला डबा त्याच्या डोक्यात घालावा आणि उरलेले वॉशर बाबांच्या.

मास्तरांनी परत विचारलं, या वेळी आत्याला, "बाई, कसं मोडलं?"

"निघेल, साहेब," आत्या म्हणाली. "अर्धा-पाऊण तास लागेल."

तिला कळत होतं हो. हात लावला की नियमानं मोडणारी ती ठरणार, आणि नोकरी हातची जाणार. नाही लावला तर ज्या ट्रॅक्टरवर मुलं शिकतात तो तसाच पडून राहणार. तिनं दिवा ओढून जवळ घेतला आणि खाली बसली.

बाबांनी मदत म्हणून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर पुढे केला. भोकात घालून उलटा फिरवायचं ते हत्यार, निमुळतं असतं. आत्यानं त्यांच्या हातातून ते काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं. "पोलादाच्या बोल्टला ठीक आहे," ती म्हणाली, बाबांना नाही, मास्तरांनाही नाही, इंजिनालाच सांगितल्यासारखं. "पितळ मऊ. हे आत घुसेल, पितळ फुगवेल आणि आटे आणखी घट्ट आवळेल. वर हेच आत मोडलं तर ड्रिलसुद्धा चालणार नाही. फिरवायचं नाही याला. आतल्या आत दुमडायचं."

मग तिनं केलं ते असं. एका चिंधीला भरपूर ग्रीस फासलं, दोरा बांधला आणि भोकातून आत सरकवली, कारण पलीकडे तेलाची वाट आहे आणि पितळेचा कीस त्या वाटेनं गेला तर बेअरिंगचं वाटोळं. पितळ काही चुंबकाला चिकटत नाही, की मागाहून उचलून घेऊ. मग तिच्या डब्यातून करवतीचं एक पातं काढलं, ग्राइंडरवर घासून घासून बोरूएवढं अरुंद केलेलं. एका टोकाला चिंध्या गुंडाळून मूठ केली, दुसरं टोक भोकात घातलं आणि आतून बाहेरच्या दिशेनं कापायला लागली. चार वेळा ओढायचं, थांबायचं, फुंकर न घालता कापसानं कीस टिपायचा, दिवा धरून बघायचं. पितळ पिवळं, बीड काळं. पिवळ्यात काळी रेघ दिसायच्या जरा आधी थांबायचं. एक केसभर पुढे गेलं की ब्लॉकचे आटे कापले जातात, आणि मग खेळ खलास.

एक चर झाली. तिच्या समोर दुसरी सुरू केली. कपाळावरचा घाम कोपरानं पुसत होती. मास्तर उकिडवे बसून बघत होते. बाबा मात्र बोलत होते, "जपून हं ताई, ब्लॉक जाईल." ऐकलंत? जपून म्हणे!

दुसरी चर पडल्यावर तिनं बारीक छिन्नी चरीच्या कडेला लावली आणि हातोडीनं अगदी हलके टकटक केलं. जोर नाहीच. पितळेची कड आत वाकली. मग दुसरी बाजू. तुकडा आत चुरगळला तशी आट्यांवरची त्याची पकड सुटली. चिमट्यानं धरून तिनं दोन वेळा हलवला आणि उचलला. दोरा ओढून चिंधी काढली, सगळा कीस ग्रीसला चिकटलेला. तरी तिचं समाधान नाही. इंजिन सुरू होऊ नये म्हणून बंद करायची दांडी ओढून धरायला मला सांगितलं आणि स्टार्टर नुसताच फिरवला. त्या उघड्या भोकातून तेल डब्यात उडालं. ते तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून कीस राहिलाय का ते तिनं पाहिलं. मग नवीन निपल, हातानं बसवून दीड फेरा. इंजिन चालू केलं, मीटरचा काटा वर गेला आणि तिथं ठाम उभा राहिला.

मास्तरांनी चुरगळलेला तुकडा तळहातावर घेऊन फिरवून पाहिला. तिसऱ्यांदा विचारलं, "आता तरी सांगा. कुणी मोडलं?"

"निघालं ना, साहेब," आत्या म्हणाली. "झालं."

मास्तरांनी मान हलवली. सायकल ट्रॉलीच्या हुकाला बांधली, ट्रॅक्टरवर चढले आणि निघाले. सोमवारचं नाव नाही, कामाचं कौतुक नाही. आत्या कीस गोळा करत राहिली. बाबा म्हणाले, "चहा सांगू का?"

मला राहवलं नाही. मी मागे धावत सुटले, चप्पल घालायचंही भान नव्हतं. कोपऱ्यावर रेल्वेचं फाटक लागतं, ते बंद होतं म्हणून ट्रॅक्टर तिथं थांबला होता. मी धापा टाकत गाठलं आणि ओरडले, "मास्तर, बाबांनी मोडलं! आत्यानं नाही! माझ्या डोळ्यांदेखत!"

"मला कळलं होतं," मास्तर म्हणाले. "असे हात आणि पान्याला लटकणं, दोन्ही एका माणसात नसतं."

"मग तिला घ्या ना!"

"तिथंच घोडं पेंड खातं. मी तीन वेळा विचारलं, तिनं तीन वेळा झाकलं. माझ्याकडे तीस मुलं मशीनवर काम करतात. कुणी मशीनवरचं संरक्षक गार्ड काढून ठेवलं आणि दुसऱ्याचं बोट गेलं, तर ही बाई म्हणेल, राहू द्या साहेब, झालं. मी काय करू?" फाटक उघडलं आणि ते गेले.

खोटं कशाला बोलू, त्यांचंही पटलं. म्हणून तर संताप दुप्पट झाला. परत आले ती तोंडाचा पट्टा सुरू करूनच. बाबांना नाही नाही ते बोलले. बाबा म्हणाले, "मी कुठं म्हणालो तिनं मोडलं? मी म्हणालो ती काढेल." आत्या मागून आली. "मास्तर काय म्हणाले, शब्दाला शब्द सांग." मी सांगितलं. बोटाचं ऐकलं तेव्हा तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"चल," ती बाबांना म्हणाली.

"कुठं?"

"शाळेत. मोडलंस ते सांगायला."

"ताई, वेड लागलंय का? दुकान कोण बघणार?"

"दुकान गेलं खड्ड्यात." आणि तिनं त्यांच्या मनगटाला धरलं. चांगला धट्टाकट्टा माणूस, पण निघाला मागोमाग. मीही निघाले. दहा मिनिटांची वाट, तिनं मनगट सोडलं नाही.

शाळेच्या पटांगणात ट्रॅक्टरभोवती वर्ग उभा होता. मास्तर इंजिन दाखवत होते. आत्यानं बाबांना पुढे केलं. बाबा खाकरले, पॅन्टला हात पुसले आणि म्हणाले, "मास्तर, ते सकाळचं... ते जरा आमच्या दोघांकडून मोडलं."

"दोघांकडून?" आत्या म्हणाली. "पाना किती हातांत होता?"

बाबा परत हात पुसायला लागले.

"किती हातांत होता? बोल ना! सहा वर्षांचा होतास तेव्हा मार चुकवायला मी पुढे झाले. आता तुला कोण मारतंय? लोक मला मोडताई म्हणतात ते तू ऐकतोस, हसतोस, गल्ल्यावर बसतोस. किती हातांत होता पाना?"

"एका," बाबा म्हणाले. "माझ्या." मान वर केली नाही.

मास्तर पुढे आले. "बरं झालं बाई, आलात. सोमवारी आठला—"

"थांबा," आत्या म्हणाली. मी तिला उभ्या जन्मात कुणाला थांबवताना पाहिलं नव्हतं. "येईन मी सोमवारी. पण तुम्हाला सकाळीच कळलं होतं ना? हातावरून कळलं होतं? मग माझ्या भावाच्या तोंडावर का नाही बोललात? तो टायरवाला हसत होता, तुम्ही बघत होतात. परीक्षा घेत होतात माझी? मी झाकलं ते चुकलंच. आणि तुम्ही काय केलंत?"

मास्तरांचा चेहरा पडला. "चुकलं," ते म्हणाले, मुलांसमोर.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मनात म्हटलं, बस्स! आज सगळ्यांची खोड जिरली. मी पुढे होऊन आत्याचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"आणि तू," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, त्याचंच भय वाटलं. "दिवसभर तुझं तोंड चालतं. टायरवाल्याची तू रोज बिनपाण्यानं करतेस. मास्तरांनी विचारलं तेव्हा तू तिथंच होतीस. सगळं पाहिलं होतंस."

"तू डोळे वटारलेस म्हणून..."

"माझे डोळे काय कुलूप आहेत? फाटकापर्यंत अनवाणी पळालीस. दुकानात, बापासमोर, का नाही बोललीस?"

सव्वीस वर्षांची घोडी मी, कुणाला ऐकून न घेणारी. "चारचौघांत बाबांची लाज जाईल म्हणून," मी म्हणाले.

"आणि माझी?"

तिनं वाट पाहिली. खरंच पाहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मग ती ट्रॅक्टरकडे वळली आणि वर्गाला म्हणाली, "जवळ या, लांबून दिसणार नाही."